‘वडिलोपार्जित’ म्हणजे नेमके कोणाचे?

कोणत्याही दैनिकातील जाहीर नोटिशींचे पान पाहावे. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशा ठरलेल्या पालुपदाने आरंभ होणाऱ्या त्या मजकुरात दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळीत एक शब्द हमखास आढळतो, तो म्हणजे ‘वडिलोपार्जित’. ‘सदर मिळकत ही आमच्या अशिलांची वडिलोपार्जित, मालकी हक्काची व कब्जेवहिवाटीची असून...’ खरेदीखतात तो असतो, गहाणखतात असतो, कर्जाच्या अर्जासोबत जोडलेल्या प्रतिज्ञापत्रातही असतो. आपल्या व्यापारी कुटुंबांत तर तो रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. पेढीवर बसलेला तरुण नवख्या गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगतो, ‘आमचं वडिलोपार्जित दुकान आहे, तीन पिढ्यांचं.’ या वाक्यात काहीही वावगे नाही. परंतु तोच तरुण उद्या वडिलांशी मतभेद झाल्यावर ‘हे वडिलोपार्जित आहे, यात माझा जन्मापासून हिस्सा आहे’ असे म्हणू लागला, तर बहुतेक वेळा त्याचे म्हणणे कायद्याच्या कसोटीला उतरत नाही. शब्द एकच; दुकानाच्या गादीवर त्याचा अर्थ एक आणि न्यायालयात दुसरा. या दोन अर्थांमधल्या अंतरात किती घरे दुभंगली, हे मी बँकेच्या कर्ज विभागात बसून पाहिले आहे.

शब्दाची घडणच मोठी गमतीची आहे. ‘वडील’ आणि ‘उपार्जित’ असे त्याचे दोन भाग. पहिला मराठी, दुसरा संस्कृत, आणि दोघांना जोडणारा संधी मात्र शुद्ध संस्कृत नियमाने केलेला. उपार्जित म्हणजे मिळविलेले, कमावलेले. आज ‘वडील’ म्हटले की आपल्याला जन्मदाता पिता एवढेच आठवते, त्यामुळे ‘वडिलांनी कमावलेले ते वडिलोपार्जित’ असा सरळ अर्थ लावला जातो. पण ‘वडील’ या शब्दाचा मूळ अर्थ थोरला, आधीचा, असा आहे. ‘वडील बंधू’, ‘वडीलधारी माणसे’ या प्रयोगांत तो अजून शाबूत आहे. जुन्या कागदांत ‘वडिलार्जित’ असेही रूप भेटते, तिथेही पूर्वज हाच अर्थ अभिप्रेत असतो. ज्या वाचकांच्या घरी गुजराती बोलली जाते त्यांना हे अधिक लवकर पटेल, कारण गुजरातीतही हाच शब्द जवळजवळ याच रूपात आहे आणि ‘वडील’ म्हणजे कुटुंबातील ज्येष्ठ, हा अर्थ तिथे आजही जिवंत आहे. हिंदीत याच अर्थी ‘पैतृक’ किंवा ‘पुश्तैनी’ म्हणतात.

आता विरोधाभास पाहा. वडिलांनी स्वतःच्या मेहनतीने कमावलेली मिळकत ही कायद्याच्या भाषेत वडिलोपार्जित नव्हेच. ती त्यांची ‘स्वकष्टार्जित’. शब्दाच्या अक्षरांवरून जो अर्थ सर्वांत आधी सुचतो, नेमका तोच कायद्याने वगळलेला आहे.

मग कायदा वडिलोपार्जित कशाला म्हणतो? याचे उत्तर शोधण्यासाठी नऊशे वर्षे मागे, कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत जावे लागते. आजचे बसवकल्याण हे ते गाव, आपल्या सोलापूर-धाराशिवच्या सीमेपासून फार दूर नाही. तिथे विज्ञानेश्वर नावाच्या पंडिताने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. बंगालमध्ये जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ प्रमाण मानला गेला. भारताच्या उरलेल्या बहुतेक भागांत, महाराष्ट्रात अर्थातच, मिताक्षरेचा अंमल राहिला. मुंबई आणि गुजरातकडे नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’लाही मान होता. मिताक्षरेचे सूत्र असे की, पित्याकडून, आजोबांकडून किंवा पणजोबांकडून वारसाने आलेल्या मिळकतीत मुलगा, नातू आणि पणतू यांचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. मालकाच्या मृत्यूची वाट पाहावी लागत नाही. अशा हक्कदारांना सहदायाद म्हणतात. ज्याच्या हाती ती मिळकत आहे तो तिचा एकटा धनी नसतो. घरात पाळणा हलला की त्याचा वाटा कमी होतो आणि कोणी निवर्तले की वाढतो. बाहेरून आलेली मिळकत मात्र या गणतीत येत नाही. आजोळकडून मिळालेले घर, मावशीने दिलेली शेती, काकांनी मृत्युपत्राने दिलेला गाळा, ही सर्व ज्याला मिळाली त्याची स्वतंत्र मिळकत.

जैन कुटुंबांना हा हिंदू धर्मशास्त्राचा नियम लागू का व्हावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल, आणि तो इतिहासात अनेकदा विचारलाही गेला आहे. ‘भद्रबाहुसंहिता’, ‘अर्हन्नीति’ असे वारसाविषयी स्वतंत्र विवेचन करणारे ग्रंथ आपल्याकडे आहेत. बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी १९२६ साली ते एकत्र करून ‘जैन लॉ’ या नावाने इंग्रजीत प्रसिद्ध केले. त्यात विधवेला वारसांच्या क्रमात दिलेले वरचे स्थान आजही लक्षणीय वाटते. परंतु इंग्रजी न्यायालयांनी सर्वसाधारण धोरण असे ठेवले की, जी वेगळी रूढी पुराव्याने सिद्ध होईल तेवढी मान्य करावी आणि इतर बाबतींत जैनांना हिंदू कायदाच लावावा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने दुसऱ्याच कलमात बौद्ध, जैन आणि शीख यांचा स्पष्ट उल्लेख केला आणि हा वाद वारशापुरता संपला.

हा १९५६ चा कायदा म्हणजे आपल्या शब्दाच्या आयुष्यातले मोठे वळण. १७ जून १९५६ ही तारीख घरातील जुन्या कागदांवर नजर टाकताना डोक्यात पक्की ठेवावी. त्या दिवसापासून पुरुष मृत्युपत्र न करता मरण पावला, तर त्याची स्वतंत्र मिळकत कलम ८ प्रमाणे त्याची पत्नी, आई, मुलगे आणि मुली यांना समसमान जाऊ लागली. पूर्वी मरण पावलेल्या मुलाची किंवा मुलीची अपत्येही त्यांच्या जागी येतात. मुलगा हा असा वाटा ‘वारस’ म्हणून घेतो. तो त्याचा वैयक्तिक असतो. त्यात त्याच्या मुलांना जन्मतः हक्क मिळत नाही. जुन्या धर्मशास्त्राप्रमाणे बापाकडून आलेले ते वडिलोपार्जित होते. नव्या कायद्याने ती वाट अडविली.

हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयात पक्के झाले ते एका व्यापारी कुटुंबाच्या हिशेबातून. रंगीलाल आणि त्यांचे पुत्र चंदर सेन यांनी १९६१ मध्ये कुटुंबाच्या धंद्याची वाटणी केली व तोच धंदा भागीदारीत चालविला. १९६५ मध्ये रंगीलाल वारले, तेव्हा भागीदारीच्या वहीत त्यांच्या नावावर सुमारे १ लाख ८५ हजार रुपये जमा होते. संपत्तिकर खात्याचे म्हणणे असे की, बापाचे पैसे मुलाकडे आले, म्हणजे ते मुलाच्या एकत्र कुटुंबाचे झाले, त्यावर त्या कुटुंबाने कर भरावा. चंदर सेन म्हणाले, ते माझे स्वतःचे. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंदर सेन यांचे म्हणणे उचलून धरले. वहीतील एका जमेच्या नोंदीवरून निघालेला हा निकाल आज घराघरांतील वाटपाच्या वादांत उद्धृत होतो. मला स्वतःला त्याचे आकर्षण आणखी एका कारणाने वाटते. वकिलांच्या युक्तिवादाइतकीच त्यात नीट ठेवलेल्या खात्याची किंमत कळते.

याचा अर्थ वडिलोपार्जित मिळकत आता उरलीच नाही, असा नव्हे. पणजोबांकडून आजोबांकडे १९५६ पूर्वीच वारसाने आलेले, आणि तेव्हापासून वाटणी न झालेले घर किंवा शेत आजही वडिलोपार्जितच आहे. वारसा जेव्हा उघडला त्या काळचा कायदा त्याला लागू राहतो. परंतु आपल्या बहुतेक कुटुंबांचा इतिहास पाहिला, तर आजोबा किंवा पणजोबा लोटा-दोरी घेऊन कोण्या तालुक्याच्या गावी आले, आधी भाड्याच्या ओट्यावर बसले, मग स्वतःचा गाळा घेतला. तो गाळा त्यांची स्वकष्टार्जित मिळकत होती. ते १९५६ नंतर वारले असतील, तर ‘तीन पिढ्यांचे दुकान’ हे भावनेने कितीही वडिलोपार्जित असले, तरी कायद्याने नाही.

भाड्याच्या दुकानाबद्दल दोन शब्द. पागडी देऊन घेतलेले जुने दुकान तीन पिढ्या चालविले म्हणून पुष्कळ लोक त्यालाही वडिलोपार्जित मिळकत म्हणतात. मालकी घरमालकाची आहे; कुटुंबाकडे आहे तो भाडेकरूचा हक्क. भाडेकरू गेल्यावर तो कोणाकडे जातो याचे नियम महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये वेगळे दिलेले आहेत, आणि तिथे मृत्यूच्या वेळी त्या जागेत धंदा कोण करीत होते याला पहिले महत्त्व आहे. तसेच आईच्या किंवा पत्नीच्या मालकीचे. कलम १४ अन्वये स्त्रीची मिळकत ही तिची निर्वेध मालकीची. आईच्या नावच्या घरात मुलाला जन्मतः कणभरही हक्क नसतो, तो वारस होतो तो तिच्या पश्चात, आणि तोही बहिणींच्या व वडिलांच्या बरोबरीने.

आता जिथे खरी मेख आहे तिथे येतो. एकत्र राहणारे कुटुंब आहे, एवढ्यावरून त्यातील प्रत्येक मिळकत एकत्र कुटुंबाची ठरत नाही; जो तसे म्हणतो त्याने ते सिद्ध करावे लागते. पण त्याने एवढे दाखविले की कुटुंबाकडे वडिलोपार्जित मूळ भांडवल होते आणि त्यातून ही नवी मिळकत घेता येण्याजोगी होती, तर पारडे फिरते, आणि ‘मी स्वतःच्या कमाईतून घेतली’ हे सिद्ध करण्याचा भार घेणाऱ्यावर येतो. व्यापाऱ्याच्या घरात हा मुद्दा फार नाजूक असतो. मुलाने नवे दुकान काढले तेव्हा पहिला माल जुन्या पेढीतून उधारीवर आला, की भांडवल म्हणून आला? त्या रकमेची परतफेड झाली का? तीस-चाळीस वर्षांनी याचे उत्तर देऊ शकते ती फक्त रोजकीर्द आणि खतावणी. म्हणून मी ओळखीच्या कुटुंबांना नेहमी सांगतो, माळ्यावरच्या जुन्या चोपड्या रद्दीत देऊ नका. संपत्तिकर २०१५ मध्ये रद्द झाला, तरी त्याची जुनी विवरणपत्रेही जपावीत. मिळकत वैयक्तिक म्हणून दाखविली होती की अविभक्त कुटुंबाची म्हणून, हे त्यांवरून एका दृष्टिक्षेपात कळते.

स्वतःची मिळकत आपण होऊन एकत्र कुटुंबात मिसळण्याचीही मुभा कायद्यात आहे, परंतु त्यासाठी तसा स्पष्ट हेतू दिसला पाहिजे. मायेपोटी सर्व भावांना एकाच छपराखाली राहू दिले म्हणून घर सामाईक होत नाही. आणि करबचतीच्या मोहाने कोणी असे करावे म्हटले, तर १९६९ च्या अखेरीनंतर मिसळलेल्या मिळकतीचे उत्पन्न मूळ मालकाच्याच उत्पन्नात धरण्याची तरतूद आयकर कायद्यात कधीच झालेली आहे.

एक उदाहरण सांगतो. नावे, गाव सर्व वगळतो. एका कापड व्यापाऱ्याने १९७१ मध्ये दलालीच्या कमाईतून मोक्याचा भूखंड घेतला, खाली दुकान, वर घर बांधले. पुढे १९८८ मध्ये मागची अरुंद पट्टी शेजाऱ्याला विकली. त्या खरेदीखतात दस्तलेखकाने सवयीप्रमाणे ‘वडिलोपार्जित व कब्जेवहिवाटीची’ असे लिहिले. व्यापाऱ्याने वाचले असेल, नसेल, सही केली. वृद्धापकाळी त्याने मृत्युपत्र करून दुकान धाकट्या मुलाला दिले, कारण तोच पंचवीस वर्षे गादीवर बसत होता, आणि थोरल्याला ठेवी व सोने दिले. वडील गेल्यावर थोरल्याने १९८८ चे खत बाहेर काढले. वडिलांनीच सहीनिशी म्हटले आहे की मिळकत वडिलोपार्जित आहे, मग ती सगळीच्या सगळी एकाला देण्याचा त्यांना अधिकार कुठून आला?

कागदावर एक शब्द लिहिल्याने मिळकतीची जात बदलत नाही, हे खरे. तो कबुलीसारखा पुरावा ठरतो, आणि त्याचे निराकरण करता येते. १९७१ चे खत, दलालीच्या पावत्या, त्या काळची खातेवही, सर्व धाकट्याच्या बाजूने होते. पण निराकरण करायचे म्हणजे दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे उभे राहायचे. आमच्या बँकेकडे त्याचा कॅश क्रेडिट वाढवून मिळण्याचा अर्ज होता. पॅनेलवरील वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला, त्यांना ते खत आणि प्रलंबित दावा दोन्ही सापडले, आणि त्यांनी ‘निर्वेध व बोजारहित’ हा दाखला देण्यास नकार दिला. दिवाळीच्या हंगामाला माल भरायचा, हाती भांडवल नाही. धाकट्याने बाजारातून चढ्या व्याजाने पैसे उचलले. अखेर नऊ वर्षांनी तडजोड झाली, तेव्हा दोघा भावांनी वकिलांना आणि सावकारांना मिळून जे दिले होते, त्यात थोरल्यासाठी गावात दुसरा गाळा सहज आला असता. या साऱ्याचे मूळ कशात, तर दस्तलेखकाच्या हाताला लागलेल्या एका वळणात. माझे स्पष्ट मत आहे की, ज्या दस्तावर आपली सही व्हायची त्यातील मिळकतीचे वर्णन, चतुःसीमा तपासतो तितक्याच बारकाईने तपासावे. ‘वडिलोपार्जित’ लिहिले असेल आणि ते खरे नसेल, तर खोडायला लावावे. ‘अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या खरेदीखताने घेतलेली स्वकष्टार्जित मिळकत’ असे लिहिण्यास एक ओळ जास्त लागते, इतकेच.

सातबारा किंवा नगरभूमापनाची मिळकत पत्रिका यांवर विसंबून राहणारेही पुष्कळ असतात. ‘फेरफार आमच्याच नावे झाला आहे’ हे वाक्य मी कितीदा ऐकले असेल! फेरफार सरकारी देणी कोणाकडून वसूल करायची यासाठी असतो. त्याने मालकी उत्पन्न होत नाही आणि ज्याचे नाव राहून गेले त्याची मालकी नष्टही होत नाही.

या शब्दाचा सर्वांत मोठा फटका बसतो तो बहिणींना. दोन समज घरोघरी आढळतात आणि दोन्ही अर्धवट आहेत. पहिला असा की, मुलींना हक्क २००५ मध्ये आला. वडिलोपार्जित मिळकतीपुरते पाहिले, तर महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासूनच मुलींना सहदायाद केले होते, मात्र त्या तारखेपूर्वी विवाह झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहाची ती अट राहिली नाही. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे, आणि २००५ मध्ये तिचे वडील हयात असणे आवश्यक नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री मात्र अबाधित राहतात. ‘आमची तोंडी वाटणी फार पूर्वीच झाली’ हा बचावही त्या निकालाने जवळपास बंद केला आहे. सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असला, तरच तो अपवाद म्हणून ऐकला जातो. पण वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, त्यांनी मृत्युपत्र केले नसेल तर, मुलगी ही १७ जून १९५६ पासून मुलाच्या बरोबरीची वारस आहे. २००५ चा त्याच्याशी संबंध नाही. त्यामुळे ‘आमचे दुकान वडिलोपार्जित नाही, मग बहिणीचा प्रश्नच येत नाही’ असे म्हणणारा भाऊ स्वतःचेच नुकसान करून घेतो.

दुसरा समज हक्कसोडीचा. लग्नाच्या आधी किंवा राखीपौर्णिमेला माहेरी आलेल्या बहिणीकडून शंभराच्या स्टॅम्पवर ‘माझा काही हक्क नाही’ असे लिहून घेतले, की काम झाले, असे अनेकांना वाटते. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला कोणताच हक्क नसतो, तेव्हा ती सोडणार काय? भविष्यात वारस होण्याची नुसती आशा हस्तांतरित करता येत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम ६ सांगते, आणि म्हणून असा कागद सामान्यतः व्यर्थ ठरतो. उलट, मिळकत खरोखर वडिलोपार्जित असेल तर मुलीचा हिस्सा आजच अस्तित्वात आहे आणि तो ती आज सोडूही शकते, परंतु नोंदणीकृत दस्तानेच. म्हणजे कागद खरा की खोटा हे पुन्हा त्याच शब्दाच्या अर्थावर येऊन थांबते. हक्कसोडपत्र हे भावाबहिणींत राजीखुशीने होत असेल, तर त्याला माझा विरोध नाही. बहिणीला तिचा वाटा किती आणि त्याची आजची किंमत किती हे न सांगता, ‘इथे सही कर’ म्हणून जे दाखविले जाते ते मात्र मला बँकेत असतानाही खटकत असे. अविभक्त कुटुंबाच्या कर्जासाठी सर्व सज्ञान सहदायादांच्या सह्या आम्ही मागत असू. अर्जदार आणत त्या यादीत मुलांची नावे वयासकट असत, मुलींची पुष्कळदा नसतच. विचारल्यावर उत्तर ठरलेले, ‘त्या दिल्या घरी सुखी आहेत, साहेब.’

कर्त्याच्या अधिकाराविषयी थोडे. वडिलोपार्जित मिळकतीचा कर्ता ती गहाण टाकू किंवा विकू शकतो, पण कुटुंबाच्या कायदेशीर गरजेसाठी किंवा मिळकतीच्या हितासाठीच. हे तत्त्व १८५६ च्या हनुमानप्रसाद पांडे खटल्यापासून चालत आले आहे, आणि पैसे देणाऱ्याने गरजेची खातरजमा करावी अशी अपेक्षाही तेव्हाचीच. बँक एवढे कागद का मागते, या तक्रारीचे उत्तर त्यात आहे. मृत्युपत्राच्या बाबतीत १९५६ पासून एवढी सोय झाली आहे की, वडिलोपार्जित मिळकतीतील आपला अविभक्त हिस्सादेखील कलम ३० नुसार मृत्युपत्राने देता येतो. फक्त आपलाच, इतरांचा नव्हे. स्वकष्टार्जित असेल तर सगळी, आणि कोणालाही. वडिलांनी आपली स्वकष्टार्जित मिळकत बक्षीसपत्राने किंवा मृत्युपत्राने मुलाला दिली, तर ती मुलाच्या हाती काय म्हणून येते? सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये अरुणाचल मुदलियार खटल्यात सांगितले की, ते देणाऱ्याच्या हेतूवर, म्हणजे लेखाच्या शब्दांवर अवलंबून आहे. ‘तुला व तुझ्या कुटुंबासाठी’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘तुझी स्वतंत्र मालकीची म्हणून’ असे लिहिले, तर पुढच्या पिढीचा एक दावा टळतो.

गेल्या महिन्यात एका वाचकांचे पत्र आले, त्याचे उत्तर इथेच देतो, कारण त्यांचा प्रश्न अनेकांचा आहे. त्यांच्या आजोबांनी १९४९ मध्ये स्वतःच्या कमाईतून बाजारपेठेत दुकान घेतले. आजोबा १९६८ मध्ये मृत्युपत्राविना वारले; मागे आजी, दोन मुलगे, दोन मुली. आजी १९७९ मध्ये गेल्या, त्यांचेही मृत्युपत्र नाही. वाचकांचे वडील २००१ मध्ये वारले. घरी आई आहेत आणि एक विवाहित बहीण. काका हयात आहेत. मिळकत पत्रिकेवर काका आणि वाचक अशी दोघांचीच नावे आहेत. ‘दुकान वडिलोपार्जित असल्याने निम्मे आमचे, निम्मे काकांचे, असे धरून त्यावर कर्ज घेता येईल काय?’ असे ते विचारतात.

आजोबांची मिळकत स्वकष्टार्जित होती आणि वारसा १९५६ नंतर उघडला. त्यामुळे १९६८ मध्ये तिचे पाच समान भाग झाले: आजी, दोन मुलगे, दोन मुली. आजींचा पाचवा भाग १९७९ मध्ये चौघा अपत्यांत गेला, म्हणजे प्रत्येकाचा पाव हिस्सा झाला. वडिलांच्या त्या पाव हिश्शाचे २००१ मध्ये तीन वारस झाले. तेव्हा आज वाचकांचा स्वतःचा हिस्सा बारावा आहे, निम्मा नव्हे. आईचा बारावा, बहिणीचा बारावा, काकांचा पाव, आणि दोन आत्यांचा मिळून निम्मा. आजोबा १९५३ मध्ये गेले असते, तर आत्यांचे नाव थेट वारसांत आले नसते आणि ते दुकान खरोखर वडिलोपार्जित म्हणून मुलांच्या हाती आले असते. पंधरा वर्षांच्या फरकाने निम्म्या दुकानाचे धनी बदलले आहेत.

थोरल्या आत्या आता हयात नाहीत. त्यांच्या जागी त्यांचे यजमान आणि दोन मुले आहेत. काका, धाकट्या आत्या, हे तिघे, आई आणि बहीण या सर्वांच्या नोंदणीकृत हक्कसोडीशिवाय, अथवा गहाणखतावर सहमालक म्हणून त्यांच्या सह्यांशिवाय, कोणतीही बँक त्या संपूर्ण दुकानावर कर्ज देणार नाही. धाकट्या आत्या सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांना यातले काहीच ठाऊक नाही, असे पत्रात लिहिले आहे. वाचकांनी मिळकत पत्रिकेचा उतारा आणि १९४९ चे मूळ खरेदीखत घेऊन आधी त्यांच्याकडे जावे, त्यांचा हिस्सा किती ते त्यांच्या मुलांसमक्ष समजावून सांगावे, आणि त्यांना तो हवा असल्यास सरकारमान्य मूल्यांककाकडून किंमत काढून पैसे मोजावेत, असे मी त्यांना कळविले आहे.